शॉकअप मावशींची वाटी

उजव्या अंगठ्याचं नख मावशी बाकीच्या नखांपेक्षा वेगळं ठेवायच्या. बाकीची नखं कामाच्या बाईची असतात तशी, बोटाशी भिडवून कापलेली. अंगठ्याचं मात्र तांदळाच्या दाण्याएवढं पुढे, कानशीनं घासून कड सरळ केलेली. विश्रांतवाडीत आळंदी रस्त्याला लागून त्यांचं दुकान होतं. तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा मला ती हौस वाटली होती. नंतर कळलं की ते हत्यार आहे. पाने, हातोड्या भिंतीवर टांगलेल्या असायच्या. हे एक हत्यार मावशी रोज घरी घेऊन जायच्या.

डोंगरात चालवायच्या सायकलीच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारा जो भाग असतो, तो फोर्क. त्याच्या दोन पायांमध्ये धक्के झेलणारा शॉकअप बसवलेला असतो. दोन चकचकीत नळ्या खालच्या जाड बाह्यांमध्ये वरखाली होतात, आत हवा किंवा स्प्रिंग असते आणि थोडं तेल असतं. हे तेल बदलावं लागतं, हे सायकल विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. वर्षानुवर्षं विसरलेले असे फोर्क उघडणं हे मावशींचं काम. टेकडीवर सायकल नेणारी पुण्यातली माणसं त्यांना शॉकअप मावशी म्हणत. दुकानाच्या पाटीवर मात्र शेवटपर्यंत त्यांच्या यजमानांचं नाव होतं आणि खाली ‘सायकल व स्कूटर दुरुस्ती’ असं लिहिलेलं होतं. पाटी बदला असं कुणी सुचवलं की म्हणायच्या, “पाटीला काय झालंय? पडली न्हाई अजून.”

मावशी मूळच्या कळसच्या, शेतकरी घरातल्या. त्यांचं शेत कधीच इमारतींखाली गेलं होतं. बोलण्यात तेवढं गाव उरलं होतं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात, तपासणी खात्यात काढली. समोर आलेल्या लोखंडी भागावर नख फिरवायचं आणि कुठे खरखर, कुठे चीर राहिली आहे का ते सांगायचं, हे त्यांचं काम. त्या कामाचा त्यांना भयंकर अभिमान होता आणि तो त्या लपवत नसत. “मी पास केलेला माल परत आला न्हाई,” हे वाक्य ओळखीच्या पहिल्या पाच मिनिटांत ऐकायला मिळायचं आणि पुढे दर भेटीत. निवृत्त झाल्या, यजमान गेले, आणि ज्या दुकानात त्या आयुष्यभर फक्त डबा घेऊन यायच्या तिथे टेबलामागे बसू लागल्या. पंक्चर काढायचं त्यांनी बंद केलं. त्याला माणसं पुष्कळ हायेत, म्हणाल्या. डबा देताना यजमानांना स्कूटरचे शॉकअप उघडताना पाहिलं होतं, तेवढ्या भांडवलावर त्यांनी सायकलींचे उघडायला घेतले.

मी त्यांच्याकडे गेले ती नवा फोर्क कुठे मिळेल हे विचारायला. चाळिशी उलटताना मी सायकल घेतली होती. थोडे दिवस वेताळ टेकडीवर जोमात नेली. मग आईचं आजारपण, ऑफिस, घर यांत ती बाल्कनीत गेली. वर कुंड्या होत्या, कुंड्यांचं पाणी सायकलवर ठिबकायचं, आणि आम्ही तिच्यावर जुनी चादर टाकून कर्तव्य संपवलं होतं. काही वर्षांनी आमच्या भागातल्या बायकांचा रविवारी सायकलवर जायचा गट जमला, म्हणून चादर काढली. फोर्क जाम झाला होता. मी एका कंपनीत खरेदी विभागात आहे. आमच्याकडे बंद पडलेली वस्तू कुणी उघडत नाही, नवीन मागवतात. मी तेच करायला निघाले होते.

मावशींनी माझं सगळं म्हणणं ऐकून घेतलं. मग सायकलीकडे न बघताच म्हणाल्या, “नवा आणा की. पण नव्या फोर्कात तुमचं हे चाक बसायचं न्हाई, त्याचा दांडा जाड असतो. मग चाक आणा. फोर्कची मान तुमच्या सांगाड्यात जायची न्हाई, मग सांगाडा आणा. ही घंटी तेवढी जुनी राहील. चांगली हाय घंटी.”

घंटी खरंच चांगली होती. माझ्या कॉलेजच्या लेडीज सायकलची, ट्रिंग ट्रिंग वाजणारी. डोंगरातल्या सायकलीला ती शोभत नाही असं गटातल्या सगळ्या म्हणायच्या.

“मग काय करू?” मी विचारलं.

“बसा. उघडल्याबिगर निकाल न्हाई.”

बसा म्हणजे बसाच. मावशींचा नियम होता: मालक समोर बसल्याशिवाय फोर्क उघडायचा नाही. सायकल ठेवून जाते, संध्याकाळी येते, हे चालायचं नाही. मोठमोठ्या पदांवरची माणसं त्या पत्र्याच्या दुकानात प्लास्टिकच्या स्टुलावर गुडघे जुळवून बसलेली मी पाहिली आहेत. मावशी आधी हवा सोडायच्या, खालचे बोल्ट सैल करायच्या, रबरी हातोडीनं दोन टोले द्यायच्या आणि खालच्या बाह्या ओढून काढायच्या. त्यातून जे काही पडेल ते एका स्टीलच्या वाटीत धरायच्या. मग हातातलं काम थांबवून ती वाटी मालकाच्या हातात द्यायच्या. बोलायच्या काही नाहीत. माणूस वाटीत बघायचा. तेल असेल तर काळं, त्यात चिखल, कधी गंज. मावशी चहाचा घोट घ्यायच्या.

माझ्या वाटीत जेमतेम तळ झाकला गेला होता. मी वाटी परत करायला लागले तर त्यांनी घेतली नाही. “धरा थोडा वेळ. एवढ्या वर्षांची कमाई हाय.”

रिकामी वाटी सगळ्यात वाईट, हे नंतर कळलं. काळं का होईना, तेल असेल तर नळ्या वाचतात. कोरड्या चालल्या तर झिजतात. माझ्या नळ्या कुंड्यांच्या पाण्यानं बाहेरून डागाळल्या होत्या, आतून वाचल्या होत्या. चालवली असती तर गेल्या असत्या. मी सायकल टाकून दिली हेच तिच्या पथ्यावर पडलं, असं मावशी म्हणाल्या. त्यांनी रबराची सीलं बदलली, फोमच्या चकत्या तेलात भिजवून बसवल्या, ताजं तेल घातलं. शेवटी अंगठ्याचं नख दोन ठिकाणी फिरवलं: आधी नळ्यांवर वरून खाली, मग वर, जिथे दोन्ही नळ्या आडव्या खांद्यात घट्ट बसवलेल्या असतात त्या जोडाभोवती. नळीवर बारीक ओरखडा असला तर घासून चालवता येतं. जोडाला चीर असेल तर फोर्क संपला. उतारावर तो तुटला की माणूस तोंडावर पडतो. मावशी जोडाभोवती नख फिरवताना डोळे मिटायच्या. मग डोळे उघडून एकच शब्द बोलायच्या: “चालंल.” किंवा, “न्हाई.”

त्या शब्दावर माणसं सायकल घेऊन कुठेही जात. “मावशी चालंल म्हणाल्या” असं सांगितलं की पुढे कुणी काही विचारायचं नाही.

दसऱ्यानंतरचा आठवडा मावशींच्या रागाचा असायचा. खंडेनवमीला आपल्याकडे वाहनं धुऊन त्यांची पूजा करतात. लोक सायकल धुवायचे ती गाडीच्या सर्व्हिसिंगला असतो तसल्या पाण्याच्या फवाऱ्यानं. मग ओल्या अंगावर हळद-कुंकू. कुठे लावायचं? तर पुढे दिसतील त्या चकचकीत नळ्यांवर, दोन्ही पायांना, बोटभर जाड. वरून झेंडूची माळ. त्यावर सायकल चालवली की कुंकवाची भुकटी सीलातून आत. मग मंडळी दुकानात येऊन म्हणायची, आवाज येतोय. मावशी वाटी धरायच्या आणि वाटीत शेंदरी तेल पडायचं. “सवाष्ण हाय तुमची सायकल,” त्या म्हणायच्या. एका गृहस्थांनी नळीला खोबरेल तेलही चोपडलं होतं, चांगली सरकावी म्हणून. त्यांना मावशींनी विचारलं, वेणी घातली का. पूजेला त्यांचा विरोध नव्हता. दुकानातल्या पान्यांची, हातोड्यांची त्या स्वतः यथासांग पूजा करायच्या. त्यांचं म्हणणं इतकंच की हळद-कुंकू हँडलला लावा, घंटीला लावा, पाय पुसून कोरडे ठेवा. दर वर्षी दसऱ्याआधी त्या हे प्रत्येकाला बजावायच्या आणि दर वर्षी शेंदरी वाट्या यायच्या.

मावशींना सगळं कळत होतं असं मात्र नाही. दुकानाच्या पत्र्याच्या छताला एक ठसठशीत टेंगूळ होतं. पहिल्यावहिल्या हवेच्या फोर्कचं टोपण हवा न सोडता त्यांनी फिरवलं होतं; ते गोळीसारखं उडून वर लागलं. दारूगोळ्याच्या कारखान्यात एवढी वर्षं काढली, तिथे काही उडालं नाही, इथे उडालं, हे त्या स्वतःच हसत सांगायच्या. सुरुवातीला त्यांनी फोर्कमध्ये मोटरसायकलचं ग्रीस भरलं आणि आतली रबरं फुगवून ठेवली. ते मात्र हसत सांगायच्या नाहीत. हेल्मेटनं केस जातात हे त्यांचं ठाम मत होतं. बॅटरीवर गिअर बदलणाऱ्या सायकली तर त्यांच्या लेखी खेळणीच. यावर मी वाद घालायचे आणि त्या मी बोलत असताना ग्राइंडर सुरू करायच्या.

वाद घालायलाच मी तिथे जाऊ लागले बहुधा. शनिवारी माझं ऑफिस अर्धा दिवस. परतीच्या वाटेवर त्यांचं दुकान. पहिल्या काही भेटींनंतर मावशी मला अहो-जाहो करेनाशा झाल्या. आमचा वाद एकच होता. माझं म्हणणं, माणसाच्या वेळेलाही किंमत असते. अर्धा दिवस बसून जुनं जिवंत करण्यापेक्षा नवं आणून पुढच्या कामाला लागणं शहाणपणाचं. त्यांचं म्हणणं, नवं आणायला माझी ना न्हाई, पण आधी उघडून बघ तरी. उघडून बघितलं आणि संपलेलं निघालं तर त्या क्षणभरही रेंगाळत नसत. एका डॉक्टरांनी भावाची आठवण म्हणून जपलेला फोर्क आणला होता. जोडाला चीर होती. डॉक्टर म्हणाले, सांभाळून चालवीन. मावशी म्हणाल्या, “भिंतीवर टांगा. भिंतीवरून पडला तर तुमचं काय मोडणार न्हाई.”

त्या चिरेची परीक्षा त्यांनी मलाही शिकवली. टेबलाच्या खणात एका मोडक्या फोर्कचा खांदा होता, नळीचा तुकडा अजून त्यात अडकलेला. त्याला त्या वाईट नळी म्हणायच्या. तिच्या जोडाला केसासारखी चीर होती, डोळ्यांनी दिसत नव्हती. कारखान्यात जसे नमुने ठेवत तसा हा नमुना त्यांनी ठेवला होता, नखाची सवय जाऊ नये म्हणून. माझ्या हातात देऊन म्हणाल्या, शोध. मला पहिल्या दिवशी सापडली नाही. पुढच्या शनिवारीही नाही. मी म्हणाले, इथे काही नाहीच, तुम्ही मला बनवताय. मावशींनी माझा अंगठा धरून चिरेवर नेला. नख अगदी किंचित अडखळलं, रेशमी साडीत खरखरीत बोट अडकतं तसं. एकदा कळल्यावर पुन्हा चुकलं नाही. मग मीही अंगठ्याचं नख ठेवायला लागले. ऑफिसात कुणीतरी विचारलं, सतार शिकता का?

एक संध्याकाळ मात्र वेगळी निघाली, तीही शनिवारचीच. आदल्या दिवशी नारायण पेठेतली रेवती नावाची मुलगी तिचा फोर्क तपासून घेऊन गेली होती. जुनी, कुणाकडून तरी घेतलेली सायकल, एकदा दगडावर आपटलेली. रविवारी सकाळी ती मित्रमैत्रिणींबरोबर कात्रजच्या पलीकडच्या खडकाळ उतारावर जाणार होती. मावशींनी जोडावर नख फिरवून “चालंल” म्हटलं होतं. हे सगळं त्यांनीच मला चहा गाळता गाळता सांगितलं.

मावशींनी कप उचलला. स्टीलचा कप, नुकताच ओतलेला चहा. मी माझा रुमालात धरला होता. त्यांनी तसाच धरला, अंगठा कपाला टेकवून, आणि बोलत राहिल्या. मी म्हणाले, मावशी, भाजत नाही का? त्यांनी कप खाली ठेवला. अंगठ्याचं टोक लालबुंद झालं होतं.

गेले काही महिने हाताला मुंग्या येतात असं त्या म्हणायच्या. थंडीचं आहे, म्हणून सोडून द्यायच्या. आता त्यांनी थंडीचं नाव काढलं नाही. खण उघडला, वाईट नळी काढली, माझ्याकडे दिली. “फिरव. कुठंबी थांबव. मला सांगू नगंस.” त्यांनी डोळे मिटले. मी ती हातात फिरवून त्यांच्या पुढे धरली. त्यांचं नख जोडाभोवती गेलं, चिरेवरून गेलं, पुढे गेलं. पुन्हा आलं, पुन्हा चिरेवरून पुढे गेलं. त्या म्हणाल्या, “आली का गं?”

“येऊन गेली,” मी म्हणाले.

मावशींनी डोळे उघडले. “रोज हिच्यावर नख फिरवते. रोज लागायची. कुठं हाय ते माहीत हाय म्हणून लागायची व्हय?”

मग एकदम उठल्या. त्या पोरीला गाठायला हवं. गटातल्या कुणाकुणाला विचारून मी रेवतीचा नंबर मिळवला. फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. घर कुठे आहे तेवढं कळलं. दुकान तसंच उघडं टाकून, शेजारच्या किराणावाल्याला लक्ष ठेवायला सांगून मावशी माझ्या स्कूटरवर मागे बसल्या. विश्रांतवाडी ते नारायण पेठ, शनिवारच्या संध्याकाळच्या गर्दीत. एरवी माझ्या गाडी चालवण्यावर त्या प्रत्येक सिग्नलला शेरा मारायच्या. त्या दिवशी संगम पुलापर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. पुलावर म्हणाल्या, “माझा माल परत आला न्हाई कधी.” नेहमीचंच वाक्य, पण त्या ते मला सांगत नव्हत्या.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. मावशी कठड्याला धरून चढल्या. दार रेवतीच्या वडिलांनी उघडलं, पूर्ण नाही, अर्धंच.

“आपण?”

“शॉकअपवाली. पोरीचा फोर्क बघायचाय.”

“तो कालच बघितलात ना?”

“पुन्हा बघायचाय.”

“दिल्यानंतर बघायची पद्धत आहे का आपल्याकडे?”

“आजपुरती हाय,” मावशी म्हणाल्या. वडिलांनी दार पूर्ण उघडलं.

रेवती आत पाठपिशवी भरत होती. सायकल दिवाणखान्यात वर्तमानपत्रावर उभी होती. मावशींनी तिला सरळ सांगितलं, माझ्या अंगठ्याला कळंनासं झालंय, काल मी नुसतंच फिरवलं असंल. त्या मुलीचा चेहरा उतरला. वडील दारापासून जवळ आले. मावशी माझ्याकडे वळल्या. “तू बघ.”

मी पुढचं चाक काढलं, कापडानं जोड पुसला आणि डोळे मिटले. उजवा जोड, पूर्ण गोल. डावा जोड, पूर्ण गोल. पुन्हा उजवा. नख अडखळत नव्हतं. माझी खात्री होईना, म्हणून पिशवीत घालून आणलेल्या वाईट नळीवर नख फिरवून पाहिलं, तिथे अडखळलं. परत फोर्कवर आले. गुळगुळीत. रेवतीनं मोबाईलचा उजेड धरला, तिनंही नख फिरवलं. काही नव्हतं.

“चांगला आहे, मावशी,” मी म्हणाले. “कुठेही काही नाही.”

“म्हणजे कालचं बरोबरच होतं की,” वडील म्हणाले. त्यांचा आवाज आता मऊ झाला होता. त्यांनी बसा म्हटलं, कॉफी घेणार का विचारलं. नारायण पेठेत हे विचारलं गेलं म्हणजे माणूस खरोखरच घाबरला होता. मावशींनी पाणी घेतलं. रेवतीला म्हणाल्या, उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नगंस, आणि उठल्या.

जिन्यात मला हसू येत होतं, सुटल्याचं. मी म्हणाले, उगाच घाबरलो आपण, तुमचं चालंल खरं निघालं. मावशी मधल्या पायरीवर थांबल्या.

“खरं निघालं, पर ते तू सांगितलंस. मला कुठं ठावं हुतं?”

मी खूप समजावलं. दर शनिवारी मी येते, नख मी फिरवीन, बाकी सगळं तुम्ही करा. मला ते अगदी सोपं वाटत होतं. मावशी म्हणाल्या, “म्हणजे तू बघणार आणि चालंल मी म्हणणार?” मग आपणच हसल्या. “आणि तू नख कापून आलीस तर?”

सोमवारपासून त्यांनी फोर्क घेणं बंद केलं. दुकान उघडं असायचं, त्या टेबलामागे बसलेल्या असायच्या, आलेल्या माणसाला स्टुलावर बसवून चहा द्यायच्या आणि दुसरीकडे पाठवायच्या. लोकांनी आग्रह केला. नुसतं तेल बदलून द्या म्हणाले. मावशी म्हणायच्या, तेल कोणीबी बदलतंय. हाताचं दुखणं मी त्यांना बळेच डॉक्टरकडे नेऊन दाखवलं. मनगटात शीर दाबली गेली होती. डॉक्टरांनी विचारलं, मुंग्या कधीपासून? मावशींनी आकडा सांगितला तेव्हा मीच उडाले. मला त्या काही महिने म्हणाल्या होत्या, आणि हा हिशेब वर्षांचा होता. डॉक्टर म्हणाले, लवकर यायला हवं होतं, आता ऑपरेशन केलं तर पुढे वाढणार नाही, पण गेलेलं परत येईल असं सांगता येत नाही. सगळ्या पुण्याला दुर्लक्षाबद्दल बोल लावणाऱ्या मावशी मान खाली घालून ऐकत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, “माझी वाटी कोरडी निघाली गं.”

ऑपरेशन केलं. वाढायचं थांबलं, गेलेलं आलं नाही. तरीही वर्षभर आमचे शनिवार चालू राहिले, वादासकट. एका शनिवारी त्यांनी वाईट नळी कापडात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकली. त्यानंतरच्या थंडीत न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि मावशी चार दिवसांत गेल्या. दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. छताचा पत्रा बदलला, टेंगूळही गेलं.

माझा फोर्क मी दर वर्षी दसऱ्याआधी स्वतः उघडते. वाटी घेऊन बसते, स्वतःच्याच हातात देते. ऑफिसात बंद पडलेलं काही आलं की मी विचारते, उघडलं का. विभागात यावरून माझी थट्टा होते. गटातल्या बायका आपापले फोर्क घेऊन येतात. मी त्यांना समोर बसवते, पण निकाल त्यांनाच नख फिरवून द्यायला लावते.

या वर्षी माझ्या फोर्कच्या डाव्या जोडाला नख अडखळलं. मी वाईट नळीवर फिरवून पाहिलं, परत आले, अडखळलं. आतली सीलं मावशींच्या हातची होती, शेवटची. मैत्रीण म्हणाली, एवढं बारीक तर आहे, तू काही उड्या मारत नाहीस, सांभाळून चालव. तिचे मी मनापासून आभार मानले, चहा दिला आणि तिच्या देखत हँडल सोडवून फोर्क बाहेर काढला. ठेवून तरी काय करणार? भिंतीवर टांगण्याइतकी आमच्या घरात जागा नाही. भंगारवाल्याला दिला.

नवा फोर्क आणायला गेले तर माझं चाक त्यात बसेना. चाक पाहिलं तर फोर्कची मान सांगाड्यात जाईना. शेवटी सायकलच नवी घेतली. दुकानदार म्हणाला, मॅडम, ही जुनी घंटी काढून छानशी छोटी लावून देतो. मी म्हणाले, नको, तीच लावा.

खंडेनवमीला मी सायकल ओल्या फडक्यानं पुसली. हळद-कुंकू घंटीला लावलं. पाय कोरडे ठेवले.